पायथनमधून सी कॉल करशील तेव्हा

पायथनमधून सीच्या लायब्ररीतलं फंक्शन कॉल केलंस आणि ट्रेसबॅक न येता नुसतं ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ येऊन प्रोग्रॅम पडला, तर कोडमध्ये उगाच काही बदलत बसू नकोस. आधी लायब्ररीची हेडर फाइल उघड, फंक्शन काय घेतं नि काय परत देतं ते तिथं दिसेल.

पायथनमधून सी कॉल करणाऱ्या सीटाइप्स या मॉड्यूलला मात्र याचा पत्ता नसतो. तू सांगितलं नाहीस तर ३२ बिटांचा इंट परत येणार, असं ते धरून चालतं. आता ‘गेटएन्व्ह’ घे. ते स्ट्रिंगचा पॉइंटर देतं, आणि तो असतो ६४ बिटांचा. सीटाइप्स त्याचा खालचा अर्धा भाग तेवढा ठेवतं. तुझ्या हाती एक आकडा येतो, कधी चक्क ऋण. तो पत्ता समजून पुढच्या फंक्शनला दिलास की संपलं. रेसटाइपमध्ये, म्हणजे परत येणाऱ्या प्रकारात, सी_चार_पी एवढं लिही, तोच कॉल नीट बाइट्स देईल. फंक्शन कितीही साधं असो, आर्गटाइप्स (ते काय घेतं) आणि रेसटाइप आधी लिहायचे. यात सूट नाही.

सीला कॉलबॅक दिलास तर त्याचा ऑब्जेक्ट व्हेरिएबलमध्ये धरून ठेव. सी अजून तो वापरतंय हे पायथनला कळत नाही. शेवटचा रेफरन्स गेला की पायथन तो मोडीत काढतं. मग प्रोग्रॅम बराच वेळ छान चालतो आणि भलत्याच ओळीवर पडतो. पडला ती ओळ दोषी असेलच असं नाही, मेमरी आधीच कुठंतरी बिघडलेली असू शकते.

सी ज्यात लिहिणार आहे तिथं बाइट्स देऊ नकोस, क्रिएट_स्ट्रिंग_बफर वापर. आकारही गृहीत धरू नकोस. लाँग ६४ बिटांच्या लिनक्सवर ८ बाइटांचा, विंडोजवर ४ चा. स्ट्रक्चरमध्ये ‘चार’ प्रकारानंतर ‘इंट’ आला तर बेरीज ५ बाइट होत नाही, सहसा ८ होते. सी आणि पायथन दोन्हीकडचा साइझऑफ छापून ताडून बघ.

फंक्शन सापडतच नसेल तर लिनक्सवर ‘एनएम -डी’ चालव. नाव ‘_झेड’ने सुरू होत असेल तर ते सी++ने बदललंय, तिथं एक्स्टर्न ‘सी’ हवं.

पायथन ३.३ पासून फॉल्टहँडलर आहे. ‘-एक्स फॉल्टहँडलर’ देऊन चालव, पडताना पायथनची कोणती ओळ चालू होती ते दिसेल. सीमधली ओळ हवी असेल तर लायब्ररी ‘-जी’ने कम्पाइल करून जीडीबीत ‘बीटी’ माग. तरीही उलगडलं नाही तर तेच कॉल छोट्याशा सी प्रोग्रॅममधून करून बघ. तिथंही पडला तर लायब्ररीकडे बोट दाखवता येईल. तिथं नीट चालला तर आपले आर्गटाइप्स एकेक करून तपास.