भावनेच्या भरात निर्णय नको



वडिलोपार्जित जमिनीवरून भाऊ-भाऊ बोलेनासे होतात. ठरलेले लग्न एका शब्दावरून मोडते. मग आपण म्हणतो, "तेव्हा डोके ठिकाणावर नव्हते." म्हणजे भावना वाईटच का? नाही. ख्रिस्तसभा शिकवते की, भावना मुळात चांगल्याही नसतात आणि वाईटही नसतात. त्या आपल्याला कोठे नेतात, हे पाहायचे असते.

संत इग्नेशियस लोयोला हे अंथरुणावर पडून शिकले. २० मे १५२१ रोजी पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला. घरी पडून असताना त्यांनी शूरवीरांच्या कादंबऱ्या मागितल्या. मिळाली ती ख्रिस्तचरित्र व संतचरित्रे. कधी ते एका थोर घराण्यातील स्त्रीसाठी पराक्रम करण्याची स्वप्ने रंगवीत, तर कधी संतांप्रमाणे अनवाणी यरुशलेमला जाण्याची. दोन्ही वेळी मन रमे. पण पहिल्या स्वप्नानंतर ते कोरडे पडे, दुसऱ्यानंतर आनंद टिकून राही. हा फरक ध्यानात आला आणि त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली.

पुढे 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकात त्यांनी नियम दिला: मन उदास, अस्वस्थ असताना आधी घेतलेला निर्णय बदलू नये. उलट प्रार्थना वाढवावी, स्वतःला तपासावे. उत्साहाला उधाण आले असतानाही घाईने वचन देऊ नये, असेही त्यांनी बजावले आहे.

सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या दुसऱ्या वर्षी माझे वडील वारले. एका रात्री मी ट्रंक भरली. आमच्या आध्यात्मिक मार्गदर्शकांनी अडवले नाही. ते म्हणाले, "जायचे तर जा, पण आज नको. आईसाठी जायचे आहे, की इथून पळायचे आहे, हे पंधरा दिवस पाहा." आईसाठी गेलो असतो तर त्यात काही चूक नव्हती. पण पंधरा दिवसांनी कळले, मला पळायचे होते. दुःख होतेच, पळण्याची ओढ मात्र ओसरली होती.

मोठा निर्णय घेण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारा:

१. आत्ता माझ्या मनात कोणती भावना आहे? राग, भीती, मत्सर, आनंद? तिला नाव द्या.

२. या निर्णयाचा विचार केल्यावर दुसऱ्या दिवशी मनात काय उरते? शांती की कडवटपणा?

३. मन शांत असताना प्रभूसमोर मी काय ठरवले होते?

कागदावर सही करण्यापूर्वी, नाते तोडण्यापूर्वी निदान एक रात्र जाऊ द्या. आणि त्या रात्री प्रार्थना करायला विसरू नका.

आपला,
प्रमुख धर्मगुरू