टॅब्लेटसाठी कळफलक : एक हिशेबी विचार

हिशेबशास्त्रात खर्चाचे भांडवली आणि महसुली असे दोन प्रकार आपण शिकतो. टॅब्लेट ही भांडवली वस्तू आहे हे सर्वांना मान्य आहे. परंतु तिच्याबरोबरचा कळफलक आणि कव्हर मात्र दुकानदार पुढे करील ते, रंग पाहून उचलले जाते. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी टॅब्लेट हाच पहिला व एकमेव संगणक असतो. प्रकल्प-अहवाल, नोकरीचा अर्ज, मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांतले लेखन त्यावरच व्हायचे असते. म्हणून या दुय्यम वाटणाऱ्या खरेदीचा विचार करणे अगत्याचे आहे.

बाजारात मुख्यतः दोन पद्धती आढळतात. पहिलीत कळफलक कव्हरलाच जोडलेला असतो. दुसरीत सुटा ब्ल्यूटूथ कळफलक आणि टॅब्लेट उभा धरणारे साधे कव्हर असते. जोडलेल्या प्रकारातील काही कळफलक टॅब्लेटच्या कडेवरील धातूच्या टिपक्यांतून वीज घेतात, त्यांना वेगळे चार्जिंग लागत नाही. बाकीच्यांना स्वतःची बॅटरी असते. मात्र असे कव्हर एका विशिष्ट टॅब्लेटच्या मापाने बेतलेले असते. टॅब्लेट बदलला की ते बहुधा निरुपयोगी ठरते.

आता स्थिर प्रभाग पद्धतीने घसारा काढून पाहू. समजा, जोडलेला संच ४,००० रुपयांना पडला आणि टॅब्लेट ३ वर्षे टिकला. अवशिष्ट मूल्य शून्य धरल्यास वार्षिक घसारा सुमारे १,३३३ रुपये होतो. उलट सुटा कळफलक २,००० रुपयांचा असून ५ वर्षे चालला तर वर्षाला ४००, आणि ७५० रुपयांचे कव्हर ३ वर्षे चालले तर वर्षाला २५०; एकूण ६५० रुपये. आकडे उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकाने आपल्या गावच्या भावाने ते पुन्हा मांडावेत.

परंतु केवळ हिशेबावर निर्णय घेणे योग्य नव्हे. ज्याला घरी टेबल नाही, जो बसमध्ये किंवा जमिनीवर बसून मांडीवर टॅब्लेट ठेवून लिहितो, त्याला जोडलेला संचच सोयीचा. सुटा कळफलक मांडीवर ठेवला तर टॅब्लेट ठेवायचा कोठे, हा प्रश्न उरतोच. जोडलेला संच घेताना मात्र टॅब्लेटसकट त्याचे वजन हातात घेऊन पाहावे.

कळांचे अंतरही पाहावे. पूर्ण आकाराच्या कळफलकात एका कळेच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत सुमारे १९ मिलिमीटर अंतर असते. लहान टॅब्लेटच्या कव्हरात ते कमी होते आणि बोटे शेजारच्या कळेवर पडतात. आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना वरची अंकांची ओळ नीट हवी. टॅलीत एफ-५ ने अदा, एफ-६ ने जमा आणि एफ-७ ने रोजकीर्दीची नोंद होते. पण ही आज्ञावली विंडोज संगणकासाठी आहे. टॅली शिकणे हाच मुख्य हेतू असेल, तर अँड्रॉइड टॅब्लेटला कळफलक घेऊन तो साधणार नाही.

आपल्या भागातील विद्यार्थ्याला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न लिपीचा. पडद्यावरच्या कळफलकातून मराठी उमटते, म्हणून बाहेरच्या कळफलकातूनही उमटेलच असे नाही. दुकानातच तो टॅब्लेटला जोडून, मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत एकेक ओळ लिहून पाहावी आणि मगच पैसे द्यावेत.

येथे इनस्क्रिप्ट मांडणी उपयोगी पडते. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ती १९८६ मध्ये प्रमाणित केली आणि १९९१ च्या भारतीय मानकातही तिला स्थान मिळाले. तिच्यात स्वर डाव्या हाताला, तर बहुतेक व्यंजने उजव्या हाताला आहेत. क च्या कळेवर शिफ्ट दाबली की ख, त वर थ, प वर फ. विशेष हे की निरनिराळ्या भारतीय लिप्यांत त्याच ध्वनीला तीच कळ आहे. ज्या कळेवर मराठीचा क, तिच्यावरच कन्नडचा क. मराठीचा ळ जेथे, तेथेच कन्नडचा ळ. कन्नडमधील ऱ्हस्व ए आणि ओ यांच्या कळा तेवढ्या नव्याने शिकाव्या लागतात. कर्नाटकात क.ग.प. मांडणीही रूढ आहे; केवळ कन्नड लिहिणाऱ्याला ती जवळची वाटेल. दोन्ही भाषा लिहिणाऱ्याची बोटे मात्र इनस्क्रिप्टमध्ये एकदाच तयार होतात.

एका कळेवर तीन लिप्यांची अक्षरे चिकटवण्याचीही मग गरज पडत नाही. एफ आणि जे या कळांवरील उंचवटे चाचपून तर्जनी जागेवर ठेवावी. इनस्क्रिप्टमध्ये तेथे ऱ्हस्व इकार आणि र आहेत. रोज अर्धा तास असा सराव करावा.

तेव्हा मित्रहो, आधी आपण कोठे बसून लिहितो ते पाहावे, मग लिपी, मग कळांचे अंतर आणि शेवटी रंग. कव्हर झिजेल, टॅब्लेट जुना होईल. दोन भाषांत सहज चालणाऱ्या बोटांना मात्र घसारा लागत नाही.