अदिती पंत : हिमसागराच्या अभ्यासक

ध्रुवप्रदेशाचा संशोधक म्हटला की बर्फावर निशाण रोवणारा वीर डोळ्यांसमोर येतो. नागपूर येथे १९४३ साली जन्मलेल्या अदिती पंत यांनी मात्र बर्फाभोवतीच्या पाण्याचा शोध घेतला. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील या शास्त्रज्ञ १९८३-८४ च्या तिसऱ्या भारतीय मोहिमेबरोबर अंटार्क्टिकाला गेल्या. त्या व भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता या भारतीय मोहिमेतून तेथे गेलेल्या पहिल्या स्त्रिया होत. याच मोहिमेने ‘दक्षिण गंगोत्री’ हे ठाणे उभारले.

पंत यांच्या अभ्यासाचा विषय होता सागरी अन्नसाखळी. तिच्या मुळाशी सूक्ष्म वनस्पती असतात. त्यांवर क्रिल हे कोळंबीसारखे जीव व क्रिलवर देवमासे, पेंग्विन जगतात. हे मूळ मोजल्याखेरीज माणसाने त्या सागरातून किती घ्यावे, हे ठरवता येत नाही.