*यंत्र सल्ला : जुनी चेनसॉ पेट्रोल मागे फेकते? कार्बोरेटर बदलण्याआधी हे वाचा*



वळवाच्या पावसात बांधावरचं झाड आडवं झालं की वर्षभर पडून असलेली चेनसॉ आठवते. दोरी ओढून हात दुखतो, मशीन काही चालू होत नाही, एअर फिल्टर मात्र पेट्रोलने ओला. मग सरळ नवा कार्बोरेटर आणला जातो. पण दोष बऱ्याचदा रीडचा असतो.

*रीड म्हणजे काय?*
कार्बोरेटर आणि क्रँककेस यांच्यामधली पातळ पत्ती. हवा-पेट्रोल आत येऊ देते, मागे जाऊ देत नाही. विहिरीच्या पंपाचा फूटव्हॉल्व जसा, तसंच हे. आपल्याकडची आरएक्स १०० रीडचीच; जुनी राजदूत १७५ बिनरीडची.

*दोन प्रकार ओळखा*
🔹 *रीडचं मशीन :* मॅककुलॉक, होमलाइटची बरीच जुनी मॉडेल. कार्बोरेटर साधारणपणे क्रँककेसवर बसतो. काहींत सपाट प्लेटवर पत्ती, तर काहींत घराच्या छपरासारख्या उतरत्या ठोकळ्यावर दोन्ही बाजूंना पत्त्या.
🔹 *पिस्टन पोर्ट :* आजची बहुतेक मशीन. कार्बोरेटर सिलिंडरला जोडलेला, पत्ती नाही. पिस्टनच भोक उघडतो-झाकतो. थोडं पेट्रोल मागे येणं यात चालतं. जास्त आलं तर पिस्टन-सिलिंडरची झीज तपासा.

*तपासणी*
१) स्विच बंद, प्लगची वायर काढा. विडी-काडी, चूल लांब.
२) कार्बोरेटर उतरवून रीड उजेडासमोर धरा. पत्ती बैठकीला टेकलेली हवी. मोठी फट, चीर किंवा तुटका कोपरा दिसला तर पत्ती बदला.
३) कोपरा तुटलेला असेल तर तुकडा शोधा. तो आत गेला तर पिस्टन ओरबाडतो.
४) पत्ती वाकवून सरळ करू नका. डब्याचा पत्रा कापून बसवू नका. त्याच जाडीची घ्या आणि जुनी होती त्याच बाजूने बसवा.
५) वरची जाड आडपट्टी पत्ती किती उघडावी ते ठरवते. तिचा बाक तसाच ठेवा.
६) गॅस्केट नवं घाला. तिथून हवा ओढली तर मिश्रण पातळ होतं, इंजिन तापून पिस्टन जाम होतो. मग पत्तीचा खर्च इंजिनवर जातो.

दुकानात जाताना जुनी पत्ती सोबत न्या. आणि झाड पडायची वाट न बघता आजच एकदा मशीन चालू करून बघा.

– यंत्र सल्ला, आपली शेतकरी उत्पादक कंपनी (सातारा-सांगली)