बेटावरील लांकडी मंदिर
(वाचावयाचा भाग: १ पेत्र २:१-१०)

मंदिर आणि मंडळी ह्या दोहोंतील भेद ध्यानांत यावा म्हणून आज एका लहानशा बेटाचा वृत्तांत पाहूं.

युरोपांतील एस्टोनिया देशाच्या दक्षिणेस रीगाचें आखात आहे. त्यांत रुह्नू नांवाचें बेट आहे. तेथें अनेक शतकें स्वीडिश भाषा बोलणारे लोक राहत होते, इ. स. १३४१ च्या एका पत्रांत त्यांचा उल्लेख आढळतो. शेती, मासेमारी आणि सील नामक समुद्रप्राण्याची शिकार ह्यांवर त्यांचा चरितार्थ चाले.

बेटावर स्वीडनचें राज्य असतां, १६४४ सालीं, ह्या लोकांचें लूथरपंथी मंदिर उभें राहिलें. ओंडक्यावर ओंडका रचून त्याच्या भिंती केल्या, व त्यास मग्दालीया मरीयेचें नांव दिलें. १७५५ सालीं मनोरा बांधिला. एस्टोनियांत आज उभ्या असलेल्या लांकडी इमारतींत हीच सर्वांत जुनी असें मानितात. १९१२ सालीं शेजारीं दगडी मंदिर झालें, तरी जुनें मोडिलें नाहीं. आजहि दोन्ही एकमेकांच्या बाजूस उभीं आहेत.

पुढें परीक्षेचा काळ आला. दुसऱ्या महायुद्धांत, १९४४ च्या आगस्ट महिन्यांत, सोव्हिएत सैन्याच्या भयानें बहुतेक सर्व बेटवासी समुद्रमार्गें स्वीडनला निघून गेले. ज्या मंदिरांत आजापणजांचे बाप्तिस्मे झाले, तें त्यांस बरोबर नेतां आलें नाहीं. मंदिर राहिलें, मंडळी गेली. मागाहून इतर भागांतील लोक तेथें वस्तीस आले. १९९१ सालीं एस्टोनिया पुन्हा स्वतंत्र झाल्यावर जुन्या रहिवाशांच्या वंशजांस तेथें मोकळेपणानें जातां येऊं लागलें.

ह्यावरून दोन गोष्टी शिकाव्या. पहिली ही कीं, भिंती म्हणजे मंडळी नव्हे. प्रेषित पेत्र विश्वासणाऱ्यांसच जिवंत धोंडे म्हणतो. ते जेथें जातील तेथें देवाचें घर उभें राहूं शकतें. दुसरी ही कीं, म्हणून भिंती तुच्छ नव्हेत. लांकूड पावसानें कुजतें, त्यास कीड लागते. तें इतकीं वर्षें टिकलें, तें पिढ्यान्‌पिढ्या कोणी तरी निगा राखिली म्हणूनच.

उपदेशकांनीं विचारावयाचे प्रश्न:
१. बेटवासी निघून गेले तेव्हां मागें काय राहिलें?
२. आपल्या मंदिराचें छप्पर गळूं लागल्यास तें कोणाचें काम?
३. उद्यां आपणांस गांव सोडावें लागलें, तर मंडळींतून प्रत्येकानें बरोबर काय न्यावें?