मांगूरची पिल्ले काचेच्या पेटीत कशी वाढवली



मांगूर मासा आपण सर्वांनी पाहिला आहे. अंग काळपट असते. अंगावर खवले नसतात. तोंडाजवळ आठ मिशा असतात. त्या मिशांनी तो गढूळ पाण्यात खाणे शोधतो. छातीजवळच्या दोन परांना काटे असतात. काटा टोचला की हात फार ठणकतो. पण मांगूरचे नुकतेच जन्मलेले पिल्लू पुष्कळांनी पाहिले नसेल. यंदाच्या पावसाळ्यात मी ती पिल्ले घरी वाढवली आणि रोज वहीत नोंद केली. गुरुजी म्हणाले, नोंदी भित्तिपत्रकात लाव. म्हणून हा लेख लिहीत आहे.

मांगूरचे घरटे

पावसाळ्यात पाणी भरले की मांगूर धानाच्या बांधीत चढतो. धुऱ्याच्या कडेला पाण्याखाली बीळ करून किंवा खळगा करून मादी अंडी घालते. अंडी मोहरीएवढी असतात आणि गवताच्या मुळांना चिकटतात. नर तिथेच राहून राखण करतो. तो शेपटी हलवून अंड्यांवर ताजे पाणी ढकलतो.

यंदा मोठ्या पावसात आमच्या बांधीचा धुरा फुटला. पाणी वाहून गेले, त्याबरोबर नरही गेला. अंडी उघडी पडली. उन्हाने ती वाळली असती. आबाजींनी ती मुळांसकट घमेल्यात घालून घरी आणली आणि म्हणाले, "पोरी, बापाचं काम आता तुले करा लागते."

काचेची पेटी

काकांनी चंद्रपूरहून रंगीत मासे पाळायला आणलेली पेटी रिकामी होती. ती ६० सेंटिमीटर लांब आणि ३० सेंटिमीटर रुंद आहे. आम्ही पाणी फक्त १० सेंटिमीटर उंच भरले. ६० × ३० × १० म्हणजे १८,००० घन सेंटिमीटर, म्हणजे १८ लिटर पाणी झाले. पाणी उथळच पाहिजे, कारण पिल्लांना पुढे श्वास घ्यायला वर यावे लागते. पाणी आमच्या विहिरीचे घेतले. नळाच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर असते. ते घ्यायचे असेल तर एक दिवस उघडे ठेवून मग वापरावे.

जिवंत अंडी काचमण्यासारखी स्वच्छ दिसतात. मेलेले अंडे पांढरे होते आणि त्यावर कापसासारखी बुरशी चढते. ती बुरशी शेजारच्या अंड्यांनाही लागते. म्हणून पांढरी अंडी सुईने वेचून टाकली. हवेचा लहान पंप लावला. बापाच्या शेपटीचे काम पंपाने केले.

पहिले चार दिवस

दुसऱ्या दिवशी रात्री अंडी फुटली. पिल्लू तांदळाच्या दाण्यापेक्षाही लहान होते. पोटाखाली बलकाची पिशवी होती. कोंबडीच्या अंड्यात असतो तसाच हा बलक. तो संपेपर्यंत पिल्लाला खायला द्यायचे नसते. सगळी पिल्ले तळाशी कोपऱ्यात गोळा होऊन पडतात. त्यांना उजेड आवडत नाही, म्हणून पेटीवर गोणपाट टाकले. लपायला फुटक्या कवेलूचे तुकडे धुऊन ठेवले.

तिसऱ्या दिवशी पांढऱ्या ताटलीत चमच्याने घेऊन मोजली. ११८ भरली.

खाणे

चौथ्या दिवशी बलक संपला आणि पिल्ले इकडेतिकडे फिरू लागली. आता खाणे दिले नाही तर ती मरतात. आबाजी बोडीतले पाणी जुन्या धोतराच्या कापडातून गाळत. कापडावर बारीक उड्या मारणारे पाण्याचे किडे राहतात. तेच पिल्लांचे पहिले अन्न. किडे कमी मिळाले तर उकडलेल्या अंड्याचा बलक कापडातून पिळून दिला, पण अगदी चिमूटभर. उरलेला बलक कुजतो आणि पाणी नासते. पंधरा दिवसांनंतर डासांच्या अळ्या आणि गांडुळाचे बारीक तुकडे दिले. पिल्ले रात्री जास्त खातात, म्हणून संध्याकाळचे खाणे जास्त ठेवले.

रोज सकाळी बारीक नळीने तळाची घाण ओढून काढली. निम्मे पाणी बदलले. नवे पाणी पेटीजवळच भरून ठेवायचे, म्हणजे दोन्ही पाणी सारखेच गरम किंवा थंड राहते.

वादळाची रात्र

नवव्या दिवशी रात्री वादळ आले आणि वीज गेली. पंप बंद पडला. पिल्ले वर येऊन तोंड उघडझाप करू लागली. मांगूरला कल्ल्यांच्या वर झाडाच्या फांद्यांसारखा एक अवयव असतो. त्याने तो हवेतला श्वास घेतो, म्हणून चिखलातही जगतो. पण लहान पिल्लाचा हा अवयव तयार झालेला नसतो. त्याला पाण्यातलीच हवा पुरवावी लागते.

आईने कंदील धरला. मी तांब्याने पेटीतले पाणी घेऊन वरून बारीक धारेने परत ओतत होते. धारेबरोबर हवा पाण्यात जाते. माझा हात दुखला की आई ओते आणि मी कंदील धरी. आबाजी म्हणाले, "थांबू नोको पोरी, हळूहळू ओत." वीज पहाटे आली. सकाळी १४ पिल्ले मेलेली होती. बाकीची वाचली.

बाराव्या दिवसापासून पिल्ले आपणहून वर येऊन हवेचा घोट घेऊ लागली. त्यानंतर पुन्हा एकदा रात्री वीज गेली, तेव्हा एकही मेले नाही.

मोठे लहानाला खाते

मांगूरची पिल्ले सारखी वाढत नाहीत. मोठे झालेले पिल्लू लहानाला खाते. म्हणून विसाव्या दिवशी मोठी वेगळ्या टबात ठेवली. पेटीवर जाळी बांधली, कारण मांगूर ओल्या जमिनीवरून सरपटत जातो.

माझा हिशोब असा :
तिसऱ्या दिवशी पिल्ले – ११८
शेपटी वाकडी होती ती मेली – ९
वादळाच्या रात्री मेली – १४
मोठ्यांनी खाल्ली – २२
उरली – ७३

दोन प्रकारचे मांगूर

आपला गावठी मांगूर आता कमी झाला आहे. तो बिहार राज्याचा राज्यमासा आहे, तरी जगातल्या संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत त्याचे नाव आहे. आबाजी सांगतात, बांधीत औषध फवारले की घरटी मरतात.

बाजारात कधी कधी 'थाई मांगूर' म्हणून मासा येतो. तो मूळचा आफ्रिकेचा आहे. तो फार मोठा होतो आणि इतर माशांना खातो. त्याच्या पालनावर भारत सरकारने २००० साली बंदी घातली. २०१९ साली राष्ट्रीय हरित लवादानेही तसाच आदेश दिला. लहानपणी दोन्ही जवळजवळ सारखेच दिसतात. म्हणून बाजारातले पिल्लू बोडीत किंवा तलावात कधीही सोडू नये. आपल्या चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांत जुने मामा तलाव आहेत. त्यांत तो शिरला तर गावठी मासे संपतील. तसेच ताडोबाच्या जंगलातल्या पाण्यातून मासे किंवा अंडी आणू नयेत. तिथे मासे धरायला मनाई आहे.

पिल्ले बोडीत सोडली

दीड महिन्याने पिल्ले माझ्या बोटाच्या दोन पेरांएवढी झाली. आम्ही ती बादलीत घेऊन आमच्या बोडीवर गेलो. बादली थोडा वेळ पाण्यात तरंगत ठेवली. मग बोडीचे पाणी तिच्यात थोडेथोडे घातले आणि नंतर बादली हळूच कलती केली. पिल्ले एकेक करून गाळात शिरली. शेवटचे एक कवेलूच्या तुकड्याखाली बसले होते. त्याला तुकड्यासकट सोडले.

पुढच्या पावसाळ्यात ती बांधीत चढतात का, हे मी पाहणार आहे.

पालकांना विनंती : धुरा बांधताना बिळात अंडी दिसली तर ती फोडू नका. तेवढी जागा चार दिवस सोडून बांधा.

सांगा पाहू :
१. पेटीत पाणी उथळ का ठेवले?
२. पहिले तीन दिवस खाणे का दिले नाही?
३. ११८ पिल्लांपैकी ७३ वाचली, तर किती गेली?