शेतावरील मुक्कामाचे तळ : तंबू, लांकडी खोल्या व फिरतीं घरें

जोडधंदा म्हटला कीं दुभतीं जनावरें, कोंबड्या व मधमाशा हीं डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु समुद्रकांठच्या गांवीं अथवा धरणाच्या जलाशयालगत ज्यांची जमीन आहे त्यांच्याकडे गेल्या कांहीं वर्षांत आणखी एक धंदा आपण होऊन चालत आला आहे. शहरांतील कुटुंबें शनिवार-रविवारीं येतात. शेतांत तंबू ठोकून, लांकडी खोलींत किंवा बरोबर आणलेल्या फिरत्या घरांत एक-दोन रात्री काढतात, आणि त्याचें भाडें देतात. मावळांत पवना धरणाच्या कांठीं, अकोलें तालुक्यांत भंडारदऱ्यास आणि कोकणांत अलिबागेपासून गुहागरपर्यंत हें दृश्य आतां नवें राहिलेलें नाहीं. राज्य सरकारनें सन २०२० मध्यें कृषि-पर्यटनाचें व सन २०२१ मध्यें कॅराव्हॅन म्हणजे फिरत्या घरांच्या पर्यटनाचें धोरण जाहीर केलें. सबब या धंद्यांत जमीनमालकानें कसें पडावें, व मुख्यतः किती पडावें, याचा विचार करणें अवश्य आहे.

‘किती’ हा प्रश्न आधीं घेण्याचें कारण असें. नाताळच्या सुट्टींत व वर्षअखेरीस गिऱ्हाईक इतकें येतें कीं, दहा तंबूंच्या जागीं तीस ठोकण्याचा मोह कोणासहि व्हावा. परंतु जमीन किती माणसें सोसते हें मागणीवर ठरत नसून पाणी व मैला यांवर ठरतें. वीस माणसें व दरडोई ७० लिटर पाणी असा हिशोब धरला, तर एका रात्रीस १४०० लिटर पाणी लागतें. आणि त्यांतील बहुतेक सर्व सांडपाणी होऊन तुमच्याच जमिनींत मुरतें. मे महिन्यांत तुमची विहीर नारळी-पोफळींची तहान भागवून इतकें पाणी देते काय, हें प्रत्यक्ष मोजून पाहावें.

या बाबतींत इंग्लंडचें उदाहरण पाहण्यासारखें आहे. गॉर्डन स्टेबल्स नांवाच्या एका आरमारी डॉक्टरानें सन १८८५ मध्यें हौसेखातर घोड्यांनीं ओढावयाचें फिरतें घर बांधवून घेतलें. पुढें मोटारी आल्या व अशा घरांची गर्दी शेतांत आणि समुद्रकिनाऱ्यावर होऊं लागली. तेव्हां सन १९६० च्या कायद्यानें तळांस परवाना लावण्यांत आला. मात्र मान्य संघाचा दाखला असलेल्या लहान तळास परवान्यांतून सूट ठेवली. अट ही कीं, एका वेळीं पांचांहून अधिक गाड्या तेथें उभ्या राहूं नयेत. कुरणाच्या एका कोपऱ्यांत असा तळ राखणारे शेतकरी तेथें आजहि पुष्कळ आहेत. आपल्याकडील नवशिक्यानें हा पांचाचा आंकडा निदान पहिलीं दोन वर्षें आपण होऊन पाळावा, असें आमचें मत आहे. पांच मुक्कामांची देखरेख घरच्या माणसांकडून होते. पुढें मजूर, दलाल व कर्ज हीं एकामागून एक येतात.

आतां मैल्याविषयीं. हा विषय नाक मुरडून टाळण्याचा नाहीं, कारण विहीर बिघडते ती यामुळेंच. संडासाची सेप्टिक टाकी व शोषखड्डा विहिरीच्या खालच्या अंगास असावा आणि अंतर ३० मीटरांहून कमी ठेवूं नये. कोकणांतील जांभ्याच्या जमिनींत तर अधिकच सावधगिरी हवी; जांभा सच्छिद्र असतो, व त्याच्या भेगांतून घाण पाणी न गाळतां दूरवर वाहत जातें. फिरत्या घरांत संडासाची सुटी पेटी असते. तींत साधारण २० लिटर मैला मावतो, व दुर्गंधी मारण्यासाठीं औषध घातलेलें असतें. यांपैकीं कांहीं औषधांत फॉर्माल्डिहाइड असतें. टाकींत मैला कुजविणारे जे जंतु असतात त्यांस तें मारून टाकतें, आणि मग टाकी असून नसल्यासारखी होते. सबब पाहुण्यास आल्याबरोबर औषध कोणतें तें विचारावें, आणि तसलें असल्यास पेटी आपल्या टाकींत ओतूं देऊं नये. न्हाणीचें पाणी मात्र आपल्या आजीबाईंच्या रीतीनें केळी, अळू व कर्दळ यांस सोडावें. साबण सांचूं नये म्हणून पाट दर आठवड्यास बदलावा.

गाडी उभी करण्याची जागा कठीण असावी. भरलेली मोठी गाडी तीन टनांच्या पुढें जाते. काळ्या जमिनींत ती रुतते आणि तिच्याखालची माती दगडासारखी दाबली जाते. म्हणून रस्त्यालगत मुरूम घालून धुमस केलेले चार-पांच ओटे करावे व बाकीच्या शेतांत चाक जाऊं देऊं नये. आंब्याच्या मुळांवर गाडी उभी करूं नये. नारळाखालीं तंबू ठोकूं नये हें सांगावयास नको. पण ठोकलेले आम्हीं पाहिले आहेत. विजेचा जोड द्यावयाचा असल्यास जमिनींत वीज उतरतांच ती तोडणारें ३० मिलिअँपिअरचें यंत्र बसविल्यावांचून देऊं नये.

जलाशयाच्या कांठचा धोका निराळा आहे. उन्हाळ्यांत पाणी उतरलें कीं मोकळा पडलेला उतार आपलाच वाटतो. वास्तविक पूर्ण संचयपातळीखालची ती जमीन धरणाची असते. पवनेच्या पाण्यांत वर्षांतील बराच काळ बुडालेलें वाघेश्वराचें देऊळ उन्हाळ्यांत वर येतें, हें पुष्कळांनीं पाहिलें असेल. पाण्याखालीं जसें देऊळ राहतें तसेच जुने बांध, विहिरी व झाडांचे बुंधेहि राहतात. पोहणाऱ्यास ते दिसत नाहींत. तरंगतें जाकीट घातल्याशिवाय, अंधार पडल्यावर, अथवा दारू प्यालेला असा कोणीहि पाण्यांत उतरूं नये, हा नियम भाडें घेण्यापूर्वींच सांगावा व तो न मानणाऱ्यास परत पाठवावें. थंडीच्या दिवसांत बंद तंबूंत किंवा खोलींत कोळशाची शेगडी नेऊं देऊं नये. तिच्या विषारी वायूस वास नसतो; झोपलेलीं माणसें झोपेंतच मरतात.

समुद्रकांठीं विरळ वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर उच्चतम भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंतचा पट्टा ना-विकास क्षेत्र धरलेला आहे. म्हणून सिमेंटची पहिली पाटी पडण्यापूर्वीं तहसील कचेरींत व ग्रामपंचायतींत लेखी विचारणा करावी. समुद्र दिसावा म्हणून सुरूचीं झाडें तोडणें हा शुद्ध अविचार होय. दिनांक ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलें, आणि श्रीवर्धन, मुरूड व दापोली या भागांतील नारळी-पोफळी आडव्या झाल्या. पोफळ धरावयास पांच-सात वर्षें लागतात. त्या काळांत दोन लांकडी खोल्यांचें भाडें घराचा आधार होऊं शकतें. पण त्या खोल्या वाऱ्यास टिकतील अशा, पायाशीं लोखंडी पट्ट्यांनीं जखडलेल्या असाव्या. बांबू वापरावयाचा तर टांकणखार व बोरिक ॲसिड यांच्या द्रावणांत मुरवून घ्यावा, नाहीं तर भुंगा त्याचें पीठ करतो.

एक व्यवहाराची गोष्ट. बाहेरचा भांडवलवाला येऊन सर्व जागा दीर्घ मुदतीच्या कराराने मागतो, व मालकास तेथेंच राखणदाराची नोकरी देऊं करतो. ज्यांच्या वडिलांची अर्धी जमीन धरणांत गेली, त्यांच्या उरलेल्या अर्ध्या जमिनीवर अशी पाळी यावी हें दुःखद आहे. भागीदारी करावयाचीच तर एका हंगामाची, लेखी, व तळापुरत्या गुंठ्यांची करावी. विहीर, वाट व बाग त्यांत घालूं नये.

मेअखेर तंबू काढून वाळवून ठेवावे, गाड्यांस निरोप द्यावा आणि शोषखड्डे उपसून घ्यावे. तंबूंखालीं घट्ट झालेली जमीन पहिल्या पावसावर नांगरून तींत ताग पेरावा. पाणी तुंबत असेल तेथें धैंचा चांगला. फुलावर येतांच तो गाडावा. ऑक्टोबरांत जमीन पुनः भुसभुशीत झालेली सांपडेल, आणि गेल्या वर्षींच्या जागा सोडून तंबू दुसऱ्या अंगास ठोकतां येतील.